बागेतले मित्रकीटक आणि उपद्रवी किडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पानामागं काही वळवळताना दिसलं की हात आधी फवाऱ्याच्या बाटलीकडे जातो, डोळे मागाहून. अंगणात, गच्चीवर, बाल्कनीत झाडं लावणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं एकत्र केले आहेत. बहुतेकांचा मथितार्थ एकच असतो: ‘हा मारू का?’ आणि बहुतेक वेळा मला उलट विचारावं लागतं: ‘तो खातो काय?’

झाडावर अनोळखी किडा दिसला. आधी काय करू?

काहीच नको. दोन मिनिटं बघत बसा. एकटा आहे की घोळका? एका जागी चिकटून आहे की लगबगीनं फिरतोय? पान कुरतडलेलं आहे, की पानावरच्या दुसऱ्या कुणाला तो पकडून बसला आहे?

एक ढोबळ आडाखा माझ्या उपयोगी पडतो. चरणाऱ्याला फिरावं लागत नाही, शिकाऱ्याला फिरावंच लागतं. कोवळ्या शेंड्यावर दाटीवाटीनं, हलत नसलेले बारीक जीव दिसले तर ते बहुधा रस शोषणारे असतात. पानाच्या कडेनं, देठावरून, पुन्हा मागच्या बाजूनं असा एकटाच गस्त घालणारा बहुधा त्यांच्या मागावर असतो. आडाखाच आहे, नियम नव्हे. तुडतुडेही चपळ असतात आणि तिरके तिरके पळतात. पण निदान हात थांबतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलनं फोटो काढून तो मोठा करून पाहा.

ढालकिडा (लेडीबर्ड) ओळखता येतो. त्याची पिल्लं कशी असतात?

सगळा घोटाळा इथंच होतो. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल किडा सगळ्यांना आवडतो, पण त्याचं बाळ पाहिलं की लोक दचकतात. राखाडी-काळं, लांबुडकं, सहा पायांचं, अंगावर नारिंगी ठिपके आणि बारीक काट्यांसारखे उंचवटे. म्हणाल तर नखाएवढी मगर. ही ‘मगर’ प्रौढ ढालकिड्यापेक्षाही खादाड असते. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची एक अळी कोषात जाईपर्यंत शेकड्यांनी मावा (कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड) फस्त करते.

अंडी पिवळी, निमुळती, आणि पानाच्या खालच्या बाजूला उभी लावलेली असतात. एका पुंजक्यात दहा-वीस, कधी त्याहून जास्त. ती अंडी बहुधा माव्याच्या वस्तीजवळच घातलेली असतात, म्हणजे पिल्लू बाहेर पडलं की ताट वाढलेलंच. कोष पानाला मागच्या टोकानं चिकटलेला असतो आणि बोट लावलं तर अंग झटकतो. तो वाळलेला किडा समजून खरवडू नका.

ठिपके मोजून वय कळतं ही मात्र थाप आहे. ठिपक्यांवरून जात कळते.

मग सगळेच ढालकिडे मित्र का?

नाही. वांगी, बटाटा, काकडीवर्गीय वेलांवर एक फितूर निघतो: एपिलॅक्ना, म्हणजे हाड्डा भुंगेरा. रंग विटका, पाठीवर चकाकी नाही कारण बारीक लव असते, आणि एका नेहमीच्या जातीत ठिपके २८. त्याची अळी पिवळट असते आणि अंगभर फांद्या फुटलेले काटे असतात. तो पान खरवडून खातो, शिरा तेवढ्या ठेवतो. पानाची जाळी झालेली दिसते. पाठ तुकतुकीत की लवदार, हे पाहिलं की शंका मिटते. चार-सहा झाडं असतील तर हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं हाच सर्वांत चांगला उपाय.

जास्वंदीवर पांढरा कापूस आला आहे. पुसून काढू?

पुसा, पण बघून. हा बहुतेक वेळा पिठ्या ढेकूण असतो: मेणचट पांढरं आवरण, पानांच्या बेचक्यात, कळीच्या देठाशी ठिय्या मारून बसलेला.

आता माझी चूक ऐका. एका उन्हाळ्यात मी रोज सकाळी स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून पिठ्या ढेकूण टिपायला बसत असे. त्यातले काही फार मोठे होते, पांढऱ्या झिरमिळ्या लांब लांब, आणि बोळा जवळ नेला की चक्क पळायचे. ‘हे म्होरके दिसतात’ म्हणून मी त्यांनाच आधी गाठलं. आठवडाभरानं भिंगातून पाहिलं, तर त्यांतला एक पिठ्या ढेकणाच्या अंड्यांच्या पुंजक्यात तोंड खुपसून बसला होता. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी होती. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा ढालकिडा पिठ्या ढेकणासाठीच जगभर नेला गेला आहे, आणि त्याची अळी भक्ष्याचंच सोंग घेते. मी आठवडाभर पोलिसांनाच धरत होते.

फरक असा: पिठ्या ढेकूण जवळजवळ हलत नाही, त्याच्या कडेच्या झालरी आखूड असतात. क्रिप्टोलिमसची अळी त्याच्यापेक्षा बरीच मोठी वाढते, झिरमिळ्या लांब व विस्कटलेल्या, आणि काडीनं डिवचलं की चालू लागते. चालू लागली की सोडून द्या.

माव्यानं शेंडे भरले आहेत. मित्रकीटक येईपर्यंत झाड टिकेल का?

मावा हा बागेतला सर्वांत घाईचा पाहुणा. उबदार हवेत माद्या नराशिवायच, अंडी न घालता थेट पिल्लं देतात, आणि ते पिल्लू आठवड्या-दहा दिवसांत स्वतः आई होतं. त्याचे शिकारी एवढे घाईचे नसतात. त्यामुळे आधी मावा वाढतो, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी ढालकिडे, सिरफिड माश्या (मधमाशीसारख्या पट्टेरी), क्रायसोपा (जाळीदार पंखांचे फिकट हिरवे किडे) पोहोचतात. या मधल्या दिवसांतच बहुतेकांचा धीर सुटतो.

मधला वेळ काढण्यासाठी पाणी पुरेसं असतं. शेंड्याच्या मागं तळहात धरा आणि पाण्याचा जोरदार झोत पानांच्या खालच्या बाजूला मारा. माव्याची सोंड पानात रुतलेली असते. झोतानं उखडला की बहुतेकांना परत जागेवर येता येत नाही. सकाळी करा, म्हणजे पानं दिवसभरात सुकतील. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. फार भरलेला शेंडा सरळ खुडून टाका.

आणि मुंग्या बघा. झाडावर मुंग्यांची रांग चढत असेल तर त्या मावा खायला जात नसतात, राखायला जातात. मावा जादा साखर गोड चिकट थेंबांच्या रूपानं बाहेर टाकतो, मुंग्या ती गोळा करतात. त्यांच्या त्या दुभत्या गाई. गाईंवर ढालकिडा आला की मुंग्या त्याला हुसकावतात. म्हणून खोडाभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून त्या पट्टीवर (सालीवर नव्हे) पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या सोडवा, नाहीतर त्या दुसऱ्या वाटेनं चढतील. मुंग्यांची वाट तुटली की शिकाऱ्यांचं काम कितीतरी सोपं होतं. पानांवरची काळी काजळी याच चिकट स्रावावर वाढणारी बुरशी आहे. ती ओल्या फडक्यानं निघते.

खताचाही हात असतो. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते, आणि माव्याला तेच हवं असतं.

काही मावा फुगून सोनेरी-तपकिरी झाला आहे. हा रोग आहे का?

माव्याला आहे, तुम्हाला आनंदाची बातमी आहे. मुंगीपेक्षाही लहान अशी एक परोपजीवी गांधीलमाशी माव्याच्या अंगात अंडं घालते. अळी आतून त्याला खाते, मावा फुगतो, त्याचं कातडं कडक कागदासारखं होतं. यालाच ममी म्हणतात. भिंगातून पाहिलंत तर काही ममींच्या पाठीवर कर्कटकानं कोरल्यासारखं गोल भोक असतं; तिथून नवी माशी निघून गेलेली असते. अशा ममी दिसू लागल्या की फवारणी, अगदी साबणाचीसुद्धा, थांबवा. ती पानं काढूही नका.

या घराण्यातली ट्रायकोग्रामा तर मिलिमीटरभरही नसते आणि पतंगांच्या अंड्यांतच आपलं अंडं घालते. अळी जन्माला येण्याआधीच खलास. अळीच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष उभे दिसले, तर तीही अशीच कुणाची तरी शिदोरी झालेली असते. तिला तशीच राहू द्या.

पानावर केसाएवढ्या दोऱ्यांना लटकलेले पांढरे ठिपके कसले?

क्रायसोपाची अंडी. प्रत्येक अंडं स्वतंत्र दांडीवर असतं. अळ्या इतक्या अधाशी असतात की सलग घातली तर पहिली बाहेर पडणारी बाकीच्यांना खाऊन टाकेल, असं त्यामागचं एक कारण सांगतात. प्रौढ फिकट हिरवा, जाळीदार पंखांचा, रात्री दिव्यावर येतो. घरात आलाच तर बाहेर सोडा.

कडुनिंबाचं तेल आणि साबण तर नैसर्गिक आहेत. त्यांनी मित्रकीटकांना काही होत नाही ना?

‘नैसर्गिक’ या शब्दावर किडे वाचत नाहीत. साबणाचं पाणी ज्याच्या मऊ अंगावर पडेल त्याला मारतं, मग तो मावा असो की सिरफिड माशीची अळी. त्याची चांगली बाजू ही की ते ओलं असेतोवरच काम करतं. वाळल्यावर येणाऱ्या ढालकिड्याला त्रास नाही. कपडे धुण्याची पावडर मात्र वापरू नका, पानं भाजतात. सौम्य द्रवरूप साबण घ्या, आधी एका पानावर मारून एक दिवस वाट बघा.

कडुनिंबातला अझाडिरॅक्टिन किडीची भूक आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतो, म्हणून परिणाम दिसायला काही दिवस लागतात. ‘फवारलं तरी किडा जिवंतच’ म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट मारणाऱ्यांना हे सांगावं लागतं. साधारण १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली तेल आणि मिसळण्यापुरते साबणाचे थेंब. संध्याकाळी मारा, मधमाश्या परतल्यावर. उन्हात तेलानं पानं करपतात. फुलांवर नको. आणि सगळ्या बागेवर नको, जिथं कीड आहे त्या फांदीवर.

अळ्यांसाठी मिळणारं बीटी हे जिवाणूजन्य औषध जास्त नेमकं आहे. जपानमध्ये १९०१ साली आजारी रेशीमअळ्यांत हा जिवाणू सापडला. पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांसाठीचं बीटी ढालकिडे किंवा मधमाश्यांना इजा करत नाही. पण त्याला फुलपाखराची अळी आणि उपद्रवी अळी यांतला भेद कळत नाही, तो तुम्हालाच करायचा आहे.

जालीम औषध एकदाच मारून मोकळं का होऊ नये?

कारण मोकळं होता येत नाही. औषधानं शंभरातल्या नव्वद किडी मेल्या आणि नव्वद टक्के शिकारीही मेले असं धरा. उरलेल्या किडींपुढं आता कुणी शत्रू नाही आणि खायला सगळं झाड मोकळं. त्यांची पिढी दिवसांत मोजायची, शिकाऱ्यांची आठवड्यांत. महिन्याभरात कीड आधीपेक्षा जास्त. लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडीच्या बाबतीत हे फार दिसतं: पायरेथ्रॉइड गटातली औषधं त्याचे भक्षक मारतात, आणि कोळी राहतो.

याचं शंभर नंबरी उदाहरण कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांचं आहे. तिथं १८८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीनं बागा उजाड करायला घेतल्या. १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेले हे कीटकतज्ज्ञ ऑस्ट्रेलियात गेले आणि तिचा मूळचा शत्रू, वेडालिया नावाचा ढालकिडा, पाठवू लागले. थोडेसेच किडे सोडले होते. वर्ष-दीड वर्षात कीड आटोक्यात आली. पुढं साठेक वर्षांनी त्याच बागांत डीडीटी फवारलं गेलं, वेडालिया मेला, आणि दबून राहिलेली कीड पुन्हा उसळली. फवारणी आवरून वेडालियाला परत आणावं लागलं.

मुळाशी घालायच्या आंतरप्रवाही औषधांबद्दल आणखी एक. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडाच्या रसात मिसळतात आणि तिथून परागात, मधात उतरतात. फवारलं नाही म्हणजे मधमाशीला पोहोचलं नाही, असं नसतं. युरोपीय संघानं या गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर २०१८ मध्ये बंद केला. फुलझाडांना तरी ती घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गांधीलमाश्यांनी पोळं केलं आहे. काढू?

कुठं आहे त्यावर. बागेच्या टोकाला, ये-जा नसलेल्या जागी असेल तर राहू द्या; त्या आपल्या पिल्लांना अळ्यांचे गोळे करून भरवतात, म्हणजे तुमच्या कोबीवरच्या अळ्या उचलून नेतात. दारावर, लहान मुलं खेळतात तिथं, किंवा घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर माहितगाराकडून हलवून घ्या, स्वतः काठी घेऊन जाऊ नका. डंखानंतर चेहरा-घसा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर थेट दवाखाना गाठा, घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

भिंतीवर मातीची इवलीशी मडकी बांधणारी कुंभारीण मात्र निरुपद्रवी. ती एकटीच राहते, आणि मडक्यात अळ्या भरून ठेवते.

गुलाबाच्या पानांच्या कडा कुणीतरी गोल कापून नेल्या आहेत. अळी तर कुठंच दिसत नाही.

अळी नाहीच. पानं कापणारी मधमाशी आहे. कडेवरचे अर्धवर्तुळाकार काप इतके स्वच्छ असतात की पंच मशीननं मारल्यासारखे वाटतात. अळी कुरतडते तेव्हा कड वेडीवाकडी राहते. माशी पानाच्या कडेला बसते, जबड्यानं अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर गोल कापते आणि तुकडा पायांत धरून उडून जाते. पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात त्या तुकड्यांची नळी करून ती त्यात पराग भरते, अंडं घालते. पान ती खात नाही. झाडाला काहीही होत नाही, आणि परागीभवनात ती फार वाकबगार असते. फवारणीचा उपयोगही नसतो, कारण पान तिच्या पोटातच जात नाही.

जगात मधमाश्यांच्या २०,००० च्या वर जाती आहेत आणि बहुतेक अशाच एकट्या राहणाऱ्या. पोळं, राणी, मध हा संसार मोजक्यांचाच.

लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी आहे, आणि ते चालतंय!

फुलपाखराची अळी. लहानपणी शीटेचं सोंग, मोठेपणी हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून रंगीत दुबेळकं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मोठ्या झाडाला दहा-बारा अळ्या सहज झेपतात. कुंडीतलं वीतभर रोप असेल तर ते बोडकं होईल. अळ्या उचलून दुसऱ्या मोठ्या लिंबावर ठेवा. लिंबवर्गीय पानांशिवाय दुसरं काही त्या सहसा खात नाहीत, म्हणून कुठल्याही झाडावर सोडू नका.

प्रार्थना कीटक पाळावा का? आणि कोळी?

प्रार्थना कीटक (मँटिस) दिसला तर बघत राहावं असाच प्राणी, पण कीड नियंत्रणासाठी त्याच्यावर विसंबू नका. तो हाताला लागेल ते खातो: अळी, माशी, मधमाशी, फुलपाखरू, प्रसंगी सख्खा भाऊ. कोळी जाळ्यातले असोत वा उड्या मारणारे, राहू द्या. ‘लाल कोळी’ ही कीड मात्र वेगळीच, ती पानातला रस शोषते.

मित्रकीटक विकत आणून सोडले तर?

उघड्या बागेत सोडलेले प्रौढ ढालकिडे बहुतेक उडून जातात. बोलावलेले बरे. त्यासाठी बारीक बारीक फुलं लागतात, कारण परोपजीवी माश्यांची आणि सिरफिडची तोंडं आखूड, खोल फुलातला मध त्यांना पोहोचत नाही. कोथिंबीर, शेपू, बडीशेप, मोहरी यांची दोन-चार झाडं खुडू नका, फुलोऱ्यावर जाऊ द्या. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या तोडू नका. शेपूच्या फुलोऱ्यावर मधमाशीसारखी पट्टेरी माशी हवेत एका जागी ठाकलेली दिसेल. पंख दोनच आणि मिशा अगदी आखूड असल्या तर ती सिरफिड. चावत नाही.

उथळ बशीत खडे घालून पाणी ठेवा, पण दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाका, नाहीतर डास पोसाल. एक कोपरा पालापाचोळ्याचा, एक मोकळ्या मातीचा राहू द्या.

झेंडू लावला की किडी पळतात, खरं का?

अर्धं. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यांचा मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींवर परिणाम होतो, तोही दाट लागवड काही महिने ठेवली तर. माव्याला एका झेंडूचं काही वाटत नाही.

पिवळे चिकट सापळे, किडे मारणारा निळा दिवा?

सापळा कीड आली का हे कळायला चांगला; डझनभर टांगलेत तर मित्रही चिकटतील. निळा दिवा बागेत नकोच. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा दिव्यांनी मारलेले १३,७८९ किडे मोजले गेले. त्यात चावणारे निघाले ३१.

बाल्कनीत चारच कुंड्या आहेत. इथं कोण येणार?

येतात. माव्याचा माग काढत सिरफिड माशी वरच्या मजल्यांवरही पोहोचते. बंद खोलीतल्या झाडांचं मात्र वेगळं. तिथं कुणी येत नाही, तिथं ओलं फडकं आणि तुमचे हात. कुंडीभोवती बारीक काळ्या चिलटांसारख्या माश्या असतील तर पाणी जास्त होतंय, वरची माती सुकू द्या.

वाट बघणं कधी थांबवायचं?

रोपं लहान असतील तेव्हा. दोन पानांच्या रोपाला एक अळीही जड. टोमॅटो-मिरचीची पानं चुरडा-मुरडा होऊन झाड खुजं राहिलं आणि पांढरी माशी असेल, तर तिनं विषाणू आणलेला असू शकतो; असं झाड बरं होत नाही, उपटून पिशवीत बांधून टाका. आणि दोन-तीन आठवडे होऊनही ममी नाही, ढालकिड्याची अंडी नाहीत, कीड वाढतेच आहे, तर साबण, मग कडुनिंब, त्याच क्रमानं.

मी आधीच सगळीकडे जोरदार फवारलं आहे. मित्रकीटक परत येतील का?

येतील, औषधाचा अंश ओसरल्यावर. कधी काही आठवडे, कधी एक हंगाम. तोवर काहीतरी सतत फुलत ठेवा. मात्र पहिला येईल तो मावाच, कारण खाणं नसेल तर ढालकिडा येणार कशाला? मावा दिसला की त्या फांदीला एक रंगीत दोरा बांधा आणि रोज तीच फांदी उलटी करून बघा. पिवळी उभी अंडी तिथंच सापडतील.